चिलरमावशीचं छत

दूध डेअरीच्या गच्चीवर एक अवाढव्य लोखंडी यंत्र होतं आणि त्याच्याशी दिवसभर गप्पा मारणारी एक बाई होती. यंत्राचं नाव चिलर, म्हणून बाईचं नाव चिलरमावशी. तिच्या गल्लीतल्या लोकांना सुरुवातीला वाटायचं, हिच्याकडे सुट्टे पैसे मिळतात. यंत्राची आई का नाही, मावशीच का, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असे. आईला शिस्त लावावी लागते, मावशीने नुसते लाड करायचे.

बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, आणि आवाज असा की जिन्याखालून हाक मारली तर गच्चीवरची कबुतरं उडावीत. त्यात तिचा दोष नव्हता. सहा मोठे पंखे डोक्याशी घरघरत असताना हळू बोलून कुणाला ऐकू जाणार? पण तो आवाज घरीही तसाच जाई. एकदा जेवताना तिने नवऱ्याकडे मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात हजर झाली होती.

डेअरीत ती आली कॅन धुवायला. तेव्हा चिलर एका म्हाताऱ्या वस्तादाच्या ताब्यात होता. एक दिवस कॅन विसळता विसळता ती सहज म्हणाली की वरचा एक पंखा आज लंगडतोय. वस्ताद वर जाऊन बघतो तर खरंच एका पंख्याचं बेअरिंग गेलेलं. त्याने त्याच आठवड्यात मॅनेजरकडे जाऊन हिला मागून घेतलं, आणि पुढची कितीतरी वर्षं शिव्या देत देत शिकवलं. तो म्हणायचा, थंडी तयार करता येत नाही, हे आधी डोक्यात घाल. चिलर करतो काय, तर दुधातली ऊब उपसतो आणि गच्चीवर आणून फेकतो. बाईने घरातला केर उंबऱ्याबाहेर लोटावा तसा. बाहेर हवा बरी असली की केर सहज जातो. बाहेर ऊन पेटलेलं असलं की ही ऊब घ्यायला हवाच तयार नसते. मग नळ्यांतला गॅस तुंबतो, त्याचं प्रेशर चढतं, गेजचा काटा वर वर सरकतो. काटा ठरलेल्या खुणेपलीकडे गेला की एक बारकासा कट-आउट यंत्र बंद पाडतो आणि त्याचं लाल बटण टुणकन बाहेर येतं.

ते बटण आपलं आपण आत जात नाही. कुणीतरी जिना चढायचा, काय बिनसलं ते बघायचं, आणि मगच बोट लावायचं. वस्ताद म्हणायचा, ही यंत्राने मारलेली हाक आहे. हाकेला ओ द्यायची, हाक मारणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा नाही. दुसऱ्या एका कारखान्यात असा बोळा कोंबलेला त्याने पाहिला होता. तिथली नळी फुटली तेव्हा तो चहाला बाहेर गेला होता, म्हणून वाचला. त्या चहाचं तो जन्मभर कौतुक करायचा.

वस्ताद गेल्यावर चिलर मावशीचा झाला. रोज सकाळी ती आधी नळ्यांना हात लावून बघायची, डॉक्टर कपाळाला लावतो तसा. मग गेज, मग पंखे, मग जाळी. जाळी म्हणजे यंत्राच्या दोन्ही कुशींना असलेल्या पातळ पत्र्यांच्या उभ्या भिंती. पंखे या जाळ्यांतून बाहेरची हवा आत ओढतात आणि तापलेली हवा डोक्यावरून आकाशात सोडतात. जाळीत धूळ बसलेली तिला खपायची नाही. जुन्या मऊ ब्रशने ती एकेक फट साफ करायची आणि मधेच म्हणायची, श्वास घे रे राजा, श्वास घे.

हे सगळं ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तासतास समजावून सांगायची. घरी मात्र तिचं काम दोन शब्दांत आटोपलेलं. लग्नानंतर कधीतरी नवऱ्याने विचारलं होतं की तू नक्की करतेस काय. ती दमून आली होती. म्हणाली, दूध गार करते. विषय संपला.

नवरा तंबूवाला. तंबू, ताडपत्र्या, दुकानांपुढची छतं, ट्रकवरची झाकणं, काय म्हणाल ते शिवायचा. घराची पुढची खोली म्हणजे जाड कापडाच्या गुंडाळ्या, दोऱ्यांची भेंडोळी आणि मधे ते काळं दणकट शिलाई मशीन. माणूस कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. दोघांना मिळून वाट्याला आलेले शब्द मावशीने एकटीने वापरून टाकले, असं त्यांची लेक सासरहून आली की म्हणायची.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला मावशी एक दिवस घरी आली ती भाजून निघालेली. गेज वाचायचं पॅनेल बरोबर पश्चिमेला, आणि दुपारनंतर तिथे उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. पदराने वारा घेत ती शिलाई मशीनसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"सगळ्या जगाला सावल्या शिवून देता. बायकोच्या डोक्यावर मात्र वीतभर कापड नाही."

त्याने मान वर केली नाही. मशीन तेवढं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो मोजपट्टी घेऊन डेअरीच्या दारात उभा. मॅनेजर मॅडमची परवानगी त्याने स्वतःच फोन करून घेतली होती, म्हणजे किमान चार वाक्यं बोलला असणार. त्याचंच मावशीला जास्त नवल वाटलं. जावयाच्या कोटाचं माप घ्यावं इतक्या निगुतीने त्याने यंत्राचं माप घेतलं. लांबी, रुंदी, कठड्याच्या खांबांचं अंतर. मग आठवडाभर घरात एक मोठं कापड पसरलेलं होतं आणि त्याला पाय लावायची कुणाला मुभा नव्हती.

छत टांगलं त्या दिवशी अख्खी डेअरी गच्चीवर लोटली. सायीच्या रंगाचं जाड कापड, कडेने निळी पट्टी, आणि चारी बाजूंनी हातभर लांब नागमोडी झालर. यंत्राच्या डोक्यापासून पॅनेलपर्यंत एकसंध सावली. झालरीची काही गरज नव्हती. यंत्राला कशाला हवी झालर? ती त्याने तिच्यासाठी लावली होती, आणि हे न सांगता सगळ्यांना कळलं. डेअरीच्या इलेक्ट्रिशियनला सगळे शॉर्टकट म्हणायचे. तो खालून खुर्ची घेऊन आला, सावलीत मांडून बसला आणि म्हणाला, आता पाहुणे बोलवा, सरबत माझ्याकडून. मॅडमनी छताचा फोटो काढला. मावशीने त्या दिवसापासून टँकरच्या प्रत्येक ड्रायव्हरला जिना चढायला लावून छत दाखवलं. कौतुक पुरेसं झालं नाही असं वाटलं तर त्याला पुन्हा एकदा झालरीपाशी नेऊन उभं करायची.

त्यानंतरचे काही दिवस आभाळ जरा मळलेलं होतं, वारा होता. चिलर सुखात चालला. मावशी म्हणायची, सावली मानवली माझ्या राजाला.

मग आभाळ निवळलं आणि ऊन मी म्हणू लागलं. सकाळीच अंगाची लाही व्हायची. गच्चीच्या फरशीवर पाण्याचा थेंब पडला तर बघता बघता नाहीसा. आणि अशाच एका दिवशी दुपारच्या आधी, कधी नव्हे ते, चिलर एकदम गप्प झाला. लाल बटण बाहेर.

मावशीने ओ दिली. जाळी बघितली, लख्ख. पंखे बघितले, सहाच्या सहा सुरात. तरी पाइप लावून जाळीवर पाणी मारलं, यंत्र जरा निवू दिलं, बटण दाबलं. चालू झालं. ती जिना उतरून चहाचा कप हातात घेते न घेते तोच वरची घरघर पुन्हा थांबली.

खाली टाक्या दुधाने काठोकाठ. एक टँकर रिकामा व्हायला लागलेला, दुसरा फाटकात उभा, तिसरा वाटेवर. चिलरमधून खाली येणारं बर्फासारखं पाणी नसेल तर दूध गार होणार नाही, आणि या उन्हात न गार झालेलं दूध संध्याकाळपर्यंत नासणार. टँकर परत पाठवावा तर वाटेतच फाटणार. सकाळपासून कुणी कुणी पिळलेलं ते दूध, गटारात ओतायची पाळी येणार होती. मॅडम टाकीच्या थर्मामीटरपासून हलत नव्हत्या. आकडा सावकाश पण वरच चालला होता.

मावशीने यंत्र अर्ध्या ताकदीवर चालवून पाहिलं. तसं ते चाललं, कण्हत कण्हत. पण तेवढ्या गारव्यात टाकीतलं दूध जेमतेम सांभाळलं जात होतं. नवं दूध घ्यायचं तर पूर्ण ताकद हवी, आणि पूर्ण ताकद दिली की काटा चढलाच.

शॉर्टकट पॅनेलपाशी येऊन उभा राहिला. हातात तारेचा एक तुकडा. त्याला वाईट म्हणता यायचं नाही. दूध जातंय हे त्यालाही बघवत नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच की कट-आउटची दोन टोकं या तारेने जोडून टाकू, बटण गप्प, संध्याकाळी ऊन कललं की तार काढून टाकू. कुणाला कळणारही नाही.

"कुणाला नाही कळलं तरी नळीला कळेल," मावशी म्हणाली. "ती तार खिशात घाल मेल्या, नाहीतर तुलाच तिने बांधून ठेवीन इथे."

"अहो मावशी, बाहेरचं ऊनच तेवढं आहे. यंत्र तरी काय करणार?"

"ऊन गेल्या वर्षी काय सुट्टीवर होतं?"

हे ती बोलून गेली, आणि बोलून झाल्यावर आपल्याच बोलण्याची तिला टोचणी लागली. गेल्या वर्षी असंच ऊन होतं. याच्याहून कडक दिवस होते. तेव्हा चिलर पडला नव्हता. जाळी तीच, पंखे तेच, गॅस तोच. मग यंदा काय वेगळं? तिने पुन्हा जाळी धुतली. पुन्हा गेज पुसलं, जणू काटा काचेवरच्या डागाने वर चढत होता.

तेवढ्यात मॅडम वर आल्या. फाटकातल्या टँकरला काय सांगायचं, हे विचारायला. मावशी म्हणाली, एकदा पूर्ण ताकदीवर लावते, तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहा, चार डोळे बरे. बटण दाबलं. पंखे उठले. काटा चढू लागला. मॅडम यंत्राच्या कुशीला जाळीजवळ उभ्या होत्या. त्या दोन पावलं मागे सरल्या आणि कपाळ पुसत म्हणाल्या की मावशी, गच्चीच्या त्या टोकाला उन्हात होते तर इतकं उकडत नव्हतं, इथे सावलीत जास्त उकडतंय. आणि हे कापड असं आत का ओढलं जातंय?

मावशीने वर पाहिलं.

छताचं पोट शिडासारखं फुगलं होतं. पंख्यांनी वर फेकलेली तापली हवा त्या कापडावर आपटत होती, बाहेर जायला वाट न सापडून कडांकडे पसरत होती आणि कडांवरून खाली वळत होती. आणि ती हौशी नागमोडी झालर, चारी बाजूंनी, जाळीकडे आत ओढली जात होती. बाहेर टाकलेला केर वाऱ्याने पुन्हा घरात यावा, बाईने पुन्हा झाडावा, पुन्हा आत यावा. यंत्र आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेत होतं.

इतकी वर्षं मावशी दुसऱ्यांना सांगत आली होती की यंत्राच्या डोक्यावर आकाश मोकळं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर असं छत दिसलं असतं तर तिने रस्त्यातून ओरडून सांगितलं असतं. आणि इथे रोज त्याच्याखाली उभी राहून ती झालरीचं कौतुक करत होती.

चिलर पुन्हा गप्प झाला.

शॉर्टकटलाही आता दिसलं होतं. हातातली तार त्याने खिशात घातली. मॅडम म्हणाल्या, सोडवायला वेळ लागेल का? गाठी तंबूवाल्याच्या होत्या. ओढाल तसतशा घट्ट होणाऱ्या. त्या सोडवायची हातोटी त्याचीच, आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. खाली फाटकातल्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"सुरी आण," मावशी म्हणाली.

शॉर्टकट म्हणाला, मी कापतो, तुम्ही नका. ती म्हणाली, माझ्यासाठी शिवलंय, मीच कापणार. स्टुलावर चढून तिने पहिली दोरी कापली. मग दुसरी. शेवटची तुटली तशी ते सगळं सायीचं कापड सुस्कारा टाकून यंत्राच्या अंगावरून घसरलं आणि गच्चीभर पसरलं. शॉर्टकटने आणि मॅडमनी धरून ते बाजूला ओढलं. डोक्यावर लखलखीत, निर्दय, मोकळं आकाश.

बटण. पंखे. काटा चढला, चढला, खुणेच्या अलीकडे येऊन थांबला, आणि विचार बदलल्यासारखा थोडा मागे आला. तिघंही उन्हात उभी होती आणि घाम पुसायचंही कुणाला सुचत नव्हतं. मग मॅडमनी कठड्यावरून वाकून फाटकाकडे हात केला. टँकर आत आला. तिसराही आला. दूध वाचलं.

खाली आनंदीआनंद झाला. कुणीतरी मावशीसाठी थंडगार ताकाचा तांब्या वर पाठवला. पण मावशीने तो तसाच कठड्यावर ठेवला. तिने नवऱ्याला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. म्हणाली, तुमचं छत मी कापलं. पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं. मग फोनच ठेवला गेला.

तो सायकलवरून आला तेव्हा घामाने निथळत होता. कुणाकडे न बघता आधी कापलेल्या दोऱ्यांपाशी गेला. एक टोक हातात घेऊन बोटांनी फिरवलं.

"गाठ सोडता आली असती."

"दूध थांबलं नसतं," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण उन्हामुळेही असेल.

तो घडी घातलेल्या कापडाकडे बघत राहिला. झालरीवर काळे ठसे उमटले होते. शॉर्टकट जिन्याच्या दाराआड जाऊन उभा राहिला, ऐकू येईल इतपत लांब. मावशीने मग काही समजावत बसायचा नाद सोडला. तिने नवऱ्याचं मनगट धरलं, त्याला स्टुलावर चढवलं आणि त्याचा हात पंख्याच्या वर, सुटणाऱ्या हवेत धरला. त्याने चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग आपणहून पुन्हा पुढे केला. बराच वेळ तसाच धरून उभा राहिला.

"ही तर चूल आहे," तो म्हणाला.

"हो."

"इतकी वर्षं सांगतेस, दूध गार करते, दूध गार करते. मला वाटलं आत बर्फ आहे. बर्फाला सावली नको का? म्हणून सगळं झाकलं." तो स्टुलावरून उतरला. "चूल आहे म्हणून एकदा तरी बोलायचंस. तंबूत चूल असली तर वर धुराला तोंड ठेवतात. पहिल्या वर्षी शिकवतात आम्हाला."

एका दमात इतकं बोलताना मावशीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. आणि मग तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग तो कठडा धरून हसला. तिलाही आवरेना. एकाने आयुष्यभर सावल्या शिवल्या, दुसरीने आयुष्यभर ऊब उपसली, एका ताटात जेवले, आणि दोघांनी मिळून एका चुलीला रजई पांघरली. जिन्याच्या दारातून शॉर्टकटचंही हसू फुटलं. तेव्हा कुठे तिला आठवलं की ताकाचा तांब्या तसाच आहे, आणि तिने तो आधी नवऱ्याच्या हातात दिला.

ताक पिऊन त्याने मिशी पुसली, गच्चीवर चारी बाजूंना नजर फिरवली आणि खिशातून खडू काढला.

"तू नेहमी उभी कुठे असतेस?"

ती पॅनेलपाशी जाऊन उभी राहिली. तो फरशीवर उकिडवा बसला आणि तिच्या पायाशी पडलेल्या सावलीच्या कडेने खडू फिरवू लागला. म्हणाला, आता ऊन इथून येतंय, जरा वेळाने तिकडून येईल, तसतशा खुणा करतो. मग कळेल छत्री कुठे आणि किती तिरकी हवी. यंत्रापासून लांब. वाऱ्याच्या वाटेत नाही.

खालून आणखी एक टँकर आत येत असल्याचा आवाज आला. शॉर्टकट कठड्यापाशी येऊन म्हणाला, काका, यंत्राचं माप परत घेताय का?

"यंत्राचं झालं," तंबूवाला म्हणाला. "हिचं राहिलं होतं."

मावशीने गेजकडे वळून पाहिलं. काटा जागच्या जागी होता.

"अगं, हलू नकोस."

"काटा बघायला नको?"

"मान वळव. पाय तिथेच ठेव."